नोटीस पिरियड 90 दिवसांचा, नवी कंपनी म्हणते 30 दिवसांत या. मधले दिवस कमी कसे करायचे?

चिखलीचा एक मित्र पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. दिवाळीच्या आधी त्याला दुसऱ्या कंपनीची ऑफर आली. पगार चांगला वाढत होता, अट एकच होती, 30 दिवसांत जॉइन व्हायचं. त्याने आनंदाने घरी फोन केला, तर वडिलांचा पहिलाच प्रश्न, "मंग हे वाले सोडतीन का तुले?"

तेव्हा गड्याने तीन वर्षांपूर्वी सही केलेलं अपॉइंटमेंट लेटर पहिल्यांदा नीट वाचलं. नोटीस पिरियड 90 दिवस.

बुलढाणा जिल्ह्यातून शेगाव, मलकापूरला रेल्वेत बसून पुण्या-मुंबईला गेलेल्या बऱ्याच पोरांची गत हीच आहे. सही करताना पगाराचा आकडा बघतात, बाकीची पानं तशीच उलटतात. (मीही तेच केलं होतं, त्यामुळे उपदेश करत नाही.)

तर आधी हे 90 दिवस येतात कुठून ते बघू. आयटी कंपनी किंवा खाजगी ऑफिसातला 90 दिवसांचा आकडा सरकारने ठरवलेला नसतो. तो तुमच्या आणि कंपनीच्या करारातून येतो. आणि जे करारातून आलं, ते दोघांच्या संमतीने कमीही होऊ शकतं. राजीनामा देऊनही कंपनी तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवू शकते का? तर नाही. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टनुसार, अमुक माणसाने अमुक मालकाकडे काम केलंच पाहिजे असा आदेश कोर्ट सहसा देत नाही. पण कंपनी नुकसानभरपाई मागू शकते, आणि त्याआधी रिलीव्हिंग लेटर अडवून बसते. खरी अडचण तिथे होते. पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते, तेव्हा तोच कागद मागते.

म्हणून मेल टाकून दुसऱ्या दिवशी गायब होणं हा मार्ग नाही. बोलावं लागतं.

बोलायचं कोणाशी आणि कसं

बहुतेक जण सरळ एचआरला मेल करतात आणि तिथेच फसतात. एचआरला धोरण माहीत असतं, तुमच्या कामाचं काय होणार हे माहीत नसतं. ते मॅनेजरला माहीत असतं. त्याने "हरकत नाही" म्हटलं की एचआर बऱ्याचदा कागदावर सही करायलाच उरतो. म्हणून आधी मॅनेजर, तेही समोरासमोर किंवा फोनवर, आणि राजीनाम्याचा मेल त्यानंतर लगेच.

मॅनेजरपुढे जाताना "लवकर सोडा ना सर" एवढंच घेऊन जाऊ नका. त्याची चिंता एकच असते, तुम्ही गेल्यावर काम कोण करणार. त्याचं उत्तर कागदावर न्या. सध्या हातात काय काय आहे, त्यातलं कोणतं किती दिवसांत संपेल, उरलेलं टीममधल्या कोणाला शिकवाल, आणि शेवटचा दिवस कोणता. "लवकरात लवकर" असं मोघम बोललात की समोरचा 90 वरच अडून राहतो. "15 तारखेपर्यंत हे तीन कामं संपवून देतो, चौथं आत्ताच सहकाऱ्याला शिकवायला घेतो" म्हटलं, की चर्चा त्या तारखेवर सुरू होते. मागताना थोडं कमी दिवस मागा, म्हणजे समोरच्याला वाढवायला जागा राहते.

दुसरी बाजू लोक साफ विसरतात, ती म्हणजे नवी कंपनी. 30 दिवस म्हणजे 30 दिवसच, असं प्रत्येक वेळी नसतं. तुम्हाला निवडण्यासाठी त्यांनीही मुलाखतींच्या फेऱ्या घेतलेल्या असतात, नवा उमेदवार शोधायला त्यांनाही वेळ लागणारच. त्यांच्याकडे 15 दिवस वाढवून मागणं हे जुन्या कंपनीकडून 60 दिवस कमी करून घेण्यापेक्षा पुष्कळदा सोपं जातं. मात्र ऑफर लेटर लेखी हातात आल्याशिवाय इकडे राजीनामा देऊ नका.

पैसे भरून सुटायचं असेल तर

याला बायआउट म्हणतात. जितके दिवस कमी, तितक्या दिवसांचा पगार तुम्ही कंपनीला द्यायचा. इथे लेटरमधला एकेक शब्द महत्त्वाचा. हिशोब ग्रॉस पगारावर आहे की बेसिकवर? समजा ग्रॉस 45,000 आणि बेसिक 22,500 आहे. 45 दिवस विकत घ्यायचे तर ग्रॉसवर 67,500 रुपये जातात आणि बेसिकवर 33,750. निम्म्याचा फरक आहे. लेटरमध्ये नुसतंच "पगार" लिहिलं असेल तर बेसिकवर हिशोब करा अशी लेखी मागणी करून बघा, मान्य होऊ शकते.

दुसरं, बायआउट हा तुमचा हक्क आहे की "कंपनीच्या मर्जीवर" असं लिहिलंय? मर्जीवर असेल तर पैसे तयार असूनही ते नाही म्हणू शकतात.

या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लागतो असं कोणी सांगितलं, तर ऑगस्ट 2022 मधलं केंद्राचं परिपत्रक दाखवा. नोटीस पेच्या वसुलीवर जीएसटी नाही, हे त्यात स्पष्ट केलंय. काही कंपन्या बायआउटची रक्कम नव्या नोकरीत परत देतात, पण जॉइन झाल्यावर आणि पावती दाखवल्यावर. तोपर्यंतची सोय आपल्याच खिशातून करावी लागते.

साठलेल्या अर्जित रजाही नोटीसमधून वळत्या करून मागता येतात.

या सगळ्यात जे ठरेल ते त्याच दिवशी मेलवर घ्या: शेवटची तारीख, किती दिवस माफ, किती पैसे, रिलीव्हिंग लेटर कधी. तोंडी "बघू, करून टाकू" म्हणणारा मॅनेजर पुढच्या महिन्यात स्वतःच राजीनामा देऊन गेलेला असू शकतो. हसू नका, होतं असं.

आता कोर्टाचं. बँकेची तयारी करणाऱ्यांनी एक निकाल लक्षात ठेवा. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली आणि करारातले 2 लाख रुपये निषेध नोंदवून भरले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची ती अट वैध ठरवली. म्हणजे बाँडवर सही केली की "कोर्टात टिकत नाही" या मित्रांच्या सल्ल्यावर विसंबता येत नाही. वैमानिकांचं तर आणखी कडक आहे. डीजीसीएच्या 2017 च्या नियमात कमांडरला 1 वर्ष आणि सहवैमानिकाला 6 महिने नोटीस आहे. 2023 मध्ये नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध अकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

आणि आपल्या जिल्ह्यातले शिक्षक?

संस्थांच्या शाळांत नोकरी करणाऱ्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. त्यांचा नोटीस पिरियड खरोखरच कायद्यात लिहिलेला आहे. महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी नियमावली, 1981 च्या नियम 40 प्रमाणे कायम कर्मचाऱ्याला 3 कॅलेंडर महिने आणि कायम नसलेल्याला 1 महिना नोटीस द्यावी लागते. लवकर जायचं असेल तर जितके दिवस कमी पडतात तेवढ्याच दिवसांचं वेतन भरायचं, पूर्ण तीन महिन्यांचं नाही. उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत नोटीस देता येत नाही, सुट्टी नोटीसमध्ये मोजता येत नाही, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभरही नोटीस चालत नाही. जूनच्या शेवटी दुसरीकडे नेमणूक मिळाली की अडकायला होतं ते यामुळे.

राजीनाम्याची पद्धतही 1977 च्या कायद्याच्या कलम 7 मध्ये दिली आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला, एक स्वतःकडे. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून मागणारी संस्था भेटली, तर हे कलम आठवा.

चिखलीच्या मित्राचं काय झालं? मॅनेजरने 30 दिवस माफ केले, 12 रजा वळत्या झाल्या, उरले 48. नव्या कंपनीने 30 चे 45 केले. मधल्या 3 दिवसांचे पैसे त्याने भरले आणि 46 व्या दिवशी नवीन ऑफिसात बसला. पीएफ खात्यात जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नव्हती. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाले की ती आपली आपल्याला यूएएन पोर्टलवर टाकता येते, ती त्याने परवा टाकली.