नाव आधी, प्रथिन नंतर

मागच्या वेळी आपण पेशीपटलापर्यंत आलो होतो. आज यकृताच्या पेशीकडे वळू. अमिनो आम्लं तिच्यात आपोआप शिरत नाहीत; पटलात बसलेली वाहक प्रथिनं त्यांना आत नेतात. गंमत म्हणजे या वाहकांना नावं आधी मिळाली, प्रथिनं हाती आली फार नंतर.

1963 मध्ये ऑक्सेंडर आणि क्रिस्टेन्सेन यांनी उंदराच्या कर्कपेशींत ‘ए’ आणि ‘एल’ अशा दोन वाहतूक व्यवस्था वेगळ्या ओळखल्या. 1980 मध्ये किलबर्ग, हँडलॉग्टन आणि क्रिस्टेन्सेन यांनी यकृतपेशींत आणखी एक दाखवली: ग्लुटामाइन, अस्पॅराजिन, हिस्टिडिन नेणारी ‘एन’. पुरावा काय? कोणतं आम्ल किती वेगानं आत जातं आणि कोण कोणाला अडवतं, एवढाच.

मग प्रथिन सरळ काढून का नाही बघितलं? अडचण तिथंच होती. पटल स्निग्ध पदार्थांचं. त्यातून प्रथिन सोडवायला डिटर्जंट लागतं. पण पटल विरघळलं की ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेदच संपतो. वाहतूक मोजायची कशी? म्हणून काढलेली प्रथिनं पुन्हा स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्यांत बसवायची, बाहेर सोडियम ठेवायचं आणि किरणोत्सारी ग्लुटामाइन आत शिरतं का ते मोजायचं. 1991 मध्ये ‘एन’बाबत हे साधलं.

1999 मध्ये जनुक सापडलं. ते याच व्यवस्थेचं, हे कशावरून ठरलं? त्याच जुन्या मोजमापांवरून. न दिसलेल्या प्रथिनाची ओळख त्यांनीच जपून ठेवली होती.