कंपवात : औषधारंभाची वेळ

कंपवात (पार्किन्सन रोग) हा मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट झाल्याने हालचाली मंदावणारा विकार. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. मेंदूत डोपामीनमध्ये रूपांतर होणारे लेव्होडोपा हे त्यावरचे सर्वांत परिणामकारक औषध. ते लक्षणे आटोक्यात ठेवते. पेशींचा नाश मात्र त्याने थांबत नाही. त्यामुळे निदान झाले म्हणून त्याच दिवशी गोळी सुरू करावी असे नाही आणि शक्य तितकी लांबवावी असेही नाही. रोजचे जगणे अडू लागले की औषध सुरू करावे. सदऱ्याचे बटण लागत नाही, अक्षर बारीक होत जाऊन बँकेत सही जुळत नाही, रात्री कुशीवर वळता येत नाही, या तक्रारी कंपाच्या तीव्रतेइतक्याच महत्त्वाच्या असतात. हाताचा तेवढाच कंप निवृत्त माणसाला सोसवेल, पण शिंप्याचा धंदा बसवील. म्हणून निकष व्यक्तीनुसार बदलतो. व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून हवा.

औषध लवकर घेतले तर त्याचा गुण लवकर संपतो, ही भीती रुग्णांत खोलवर रुजलेली आहे. काही वर्षांनी गोळीचा असर मध्येच ओसरतो, अंगाला अनैच्छिक हेलकावे येतात, हे खरे आहे. परंतु घाना आणि इटली येथील रुग्णांच्या २०१४ मधील तुलनेत, घानात लेव्होडोपा सरासरी ४.२ वर्षांनी व इटलीत २.४ वर्षांनी सुरू होऊनही, रोगाच्या साधारण त्याच टप्प्यावर हे त्रास उद्भवले. त्यांचा संबंध औषध किती वर्षे घेतले याच्याशी नसून रोगाचा कालावधी आणि रोजची मात्रा यांच्याशी दिसला. म्हणजे थांबून काही शिल्लक पडत नाही, चांगली वर्षे तेवढी हातची जातात. लेव्होडोपा पेशींना घातक असल्याची शंकाही नेदरलँड्समधील ४४५ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) टिकली नाही. औषध लगेच मिळालेले आणि ४० आठवडे उशिरा मिळालेले असे दोन्ही गट ८० आठवड्यांअखेर सारखेच होते. हाच पुरावा घाई करणाऱ्यांनाही उत्तर देतो : लवकर सुरू केल्याने रोगाची गती कमी होत नाही.

तरुण वयात कंपवात झालेल्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यांना हेलकाव्यांचा धोका जास्त असतो. त्यांच्यासाठी एमएओ-बी रोधक (मेंदूतील डोपामीनचे विघटन रोखणारी औषधे) किंवा डोपामीन-सदृश औषधांचा विचार होतो. मात्र डोपामीन-सदृश औषधांनी अवेळी झोप, जुगाराचे किंवा खरेदीचे अनावर वेड लागू शकते. घरच्यांना त्याची कल्पना आधीच द्यावी लागते. त्यामुळे तरुणांतही औषध टाळण्यापेक्षा लेव्होडोपाची पुरेशी, पण कमीत कमी मात्रा ठरवणे अनेकदा योग्य ठरते. वनौषधी घेऊन गोळी टाळली असेही होत नाही : खाजकुयली या वनस्पतीच्या बियांत लेव्होडोपा असतेच. ‘अजून औषध सुरू केलेले नाही’ म्हणत तिचे चूर्ण घेणाऱ्याने औषध सुरू केलेलेच असते, तेही मात्रा न मोजता. ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. एकदा सुरू केलेले औषध मनाने अचानक बंद करणे धोक्याचे असते. एकूणच, प्रत्येक तपासणीत काय अडते, याची नोंद व्हावी आणि तिच्यावरूनच आरंभ व मात्रा ठरावी.