रसायन शिकवण्याचे संशोधन : इंदूरहून पीएचडीच्या तीन वाटा

रसायनशास्त्रातील संशोधन म्हटले की नवी संयुगे, उत्प्रेरके किंवा औषधे डोळ्यांसमोर येतात. परंतु हे शास्त्र विद्यार्थ्यांना कसे समजते, कोठे अडते आणि का अडते, याचा पद्धतशीर शोध घेणारी स्वतंत्र ज्ञानशाखा आहे. तिला रसायनशास्त्र शिक्षण संशोधन म्हणतात. या शाखेत पीएचडी करू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न आश्रयाचा असतो. प्रवेश कोणत्या विभागात घ्यावा आणि पाच वर्षे उदरनिर्वाह कशावर करावा? इंदूरच्या उदाहरणातून हा प्रश्न नीट उलगडतो.

शाखेचे स्वरूप

ग्लासगो विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ साली या विषयाच्या काठिण्याचे मूळ तीन पातळ्यांत दाखवले. मीठ पाण्यात विरघळताना दिसते, ही पहिली पातळी. आयन सुटे होतात, ही डोळ्यांना न दिसणारी दुसरी पातळी. फळ्यावरचे सूत्र आणि समीकरण ही तिसरी. शिक्षक या तिन्हींमध्ये सहज ये-जा करतो. नवशिक्या विद्यार्थ्याला मात्र तिन्हींचा भार एकाच वेळी पेलावा लागतो. त्याआधी १९८७ साली अमेरिकेतील नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी दाखवून दिले होते, की वायूंच्या नियमांवरील गणिते अचूक सोडवणारे अनेक विद्यार्थी त्याच नियमांवरील संकल्पनात्मक प्रश्नांत चुकतात. गुणपत्रिकेवर भरवसा ठेवणाऱ्या कोणत्याही शिक्षणव्यवस्थेला हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे.

इंदूरची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये विज्ञानशिक्षणाची परंपरा जुनी आहे. होळकर महाविद्यालय १८९१ साली स्थापन झाले. आज ते विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. १९६४ साली स्थापन झालेल्या आणि पुढे देवी अहिल्या यांचे नाव लाभलेल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचा आणि शिक्षणशास्त्राचा असे दोन वेगळे विभाग आहेत. २००९ पासून आयआयटीही आहे.

याच प्रदेशाने शालेय विज्ञानातील एक मोठा प्रयोगही पाहिला. १९७२ साली तत्कालीन होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ कार्यक्रम सुरू झाला. मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे नोंदवीत आणि चर्चेतून निष्कर्षाप्रत येत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा असे. १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. इंदूरशेजारच्या देवास व उज्जैन येथेही संस्थेची केंद्रे उभी राहिली. राज्य शासनाने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो सुमारे हजार शाळांत पोहोचलेला होता. शासकीय आदेशाने कार्यक्रम थांबू शकतो. मुले काय आणि कसे शिकली याचा काटेकोर अभ्यास मात्र त्यानंतरही उपयोगी पडतो. असा अभ्यास करणारे पूर्णवेळ संशोधक घडवायचे, तर त्यांना विभाग आणि वेतन दोन्ही लागतात.

उपलब्ध वाटा

पहिली वाट रसायनशास्त्र विभागातून जाते. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत ‘रासायनिक विज्ञान’ हा विषय आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. अडचण मार्गदर्शकाची असते. रसायन विभागातील बहुतेक मार्गदर्शक प्रयोगशाळेतील वा सैद्धांतिक संशोधनाचे असल्याने, अध्यापनावरील विषय स्वीकारणारे प्राध्यापक आधी शोधावे लागतात.

दुसरी वाट शिक्षणशास्त्र विभागाची. येथे यूजीसी-नेटमधील ‘शिक्षणशास्त्र’ विषयाची अधिछात्रवृत्ती लागू होते. तिचे दरही तेच. मात्र ही परीक्षा सर्वसाधारणपणे आपल्या पदव्युत्तर विषयातच द्यायची असते. त्यामुळे रसायनशास्त्राच्या एमएस्सीनंतर एमएड किंवा शिक्षणशास्त्राची एमए करावी लागते आणि त्यात आणखी दोन वर्षे जातात.

तिसरी वाट मुंबईला जाते. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले, डॉ. वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेल्या या केंद्रात विज्ञानशिक्षणातील पीएचडी करता येते. विज्ञानातील पदव्युत्तर पदवीवर अर्ज करता येतो, निवड परीक्षा व मुलाखतीतून होते आणि प्रवेश मिळालेल्यांना संस्थेच्या नियमानुसार दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते. रसायनशास्त्र ऑलिम्पियाडचे राष्ट्रीय कामही याच केंद्राकडे आहे. केंद्राच्या ‘एपिस्टीम’ या आंतरराष्ट्रीय परिषदमालिकेचा आरंभ डिसेंबर २००४ मध्ये गोव्यात झाला होता.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, काही विद्यापीठांनी ही शाखा रसायनशास्त्र विभागातच सामावून घेतली आहे. पर्ड्यू विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील पीएचडीचे विद्यार्थी सहसा पदवीच्या वर्गांना साहाय्यक म्हणून शिकवतात आणि त्याबदल्यात त्यांना शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. संशोधनाचा विषय आणि उदरनिर्वाह अशा रीतीने एकाच वर्गात जुळून येतात.

अर्जापूर्वी

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीची किमान मुदत तीन वर्षे, तर सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे आहे. अधिछात्रवृत्ती मात्र पाच वर्षांच्या आसपास संपते. त्यामुळे मार्गदर्शक, विभाग आणि आर्थिक स्रोत यांची सांगड प्रवेशाआधीच घालणे आवश्यक ठरते. तयारीसाठी ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे ‘केमिस्ट्री एज्युकेशन रिसर्च अँड प्रॅक्टिस’ हे नियतकालिक विनामूल्य वाचता येते.

एमएस्सी झालेला इंदूरचा असो वा गोव्याचा, त्याने वर्गात पाहिलेली एक नेमकी अडचण हाच त्याच्या प्रबंधाचा खरा आरंभ असतो. संतुलित समीकरण लिहिणारा मुलगा त्यातील रेणूंचे चित्र का काढू शकत नाही, हा प्रश्न पाच वर्षांच्या अभ्यासाला पुरेसा आहे. दोन विभागांच्या सीमेवर पडलेल्या या प्रश्नाला विद्यापीठांनी जागा दिली, तर त्याचा लाभ पुढे प्रत्येक शाळेतील रसायनाच्या तासाला होईल.