'करायलो'ची फोड

नांदेड-लातूरकडच्या 'करायलो', 'जायलेत', 'येऊलालाय' या रूपांबद्दल शाळेपासून स्पर्धा परीक्षेच्या क्लासपर्यंत एकच मत ऐकू येते: खरे रूप 'करतोय', ही त्याची मोडतोड, फोड करायला गेले तर धातू नीट हाती लागत नाही आणि प्रत्ययही नाही. हे मत मला साफ अमान्य आहे. फोड जमत नाही, कारण ती भलत्या जागी केली जाते.

आपण क-रा-य-लो अशी अक्षरे पाडतो. अक्षर हा उच्चाराचा घटक. ओवी-अभंगात ते मोजावेच. धातू-प्रत्ययाची हद्द मात्र पुष्कळदा अक्षराच्या पोटातून जाते. 'बोलू या' घ्या. उच्चारात बो-लू, व्याकरणात बोल् + ऊ. फ्रेंच माणूस याच अर्थी 'पार्लों' म्हणतो. त्याचीही अक्षरे पार-लों, पण धातू पार्ल् आणि प्रत्यय ओं. धातूचा ल् दोन्हीकडे पुढच्या अक्षरात जाऊन बसतो. रोमन लिपीत तो सुटा दिसतो, देवनागरीत 'लू'मध्ये मिसळून जातो.

आता तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत. अक्षरे धरली तर ला, ली, ले हे तीन वेगळे प्रत्यय मानावे लागतील. वर्ण सोडवले की ल् एकच उरतो आणि त्यापुढे गेला-गेली-गेलेमधलेच आ, ई, ए. म्हणून करायलो म्हणजे कर् + आय् + ल् + ओ. त्, ल्, व् असलेल्या क्रियापदरूपांची ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावे आपल्या वैयाकरणांनी अशा व्यंजनांवरूनच पाडली, मो. के. दामल्यांच्या १९११च्या व्याकरणातही ती आहेत.

ल् भूतकाळाचा, मग अर्थ वर्तमानाचा कसा? हा आक्षेप वजनदार आहे. उत्तर 'येऊलालाय'मध्ये दिसते: येऊ लागला आहे. 'लागला'तला ग झिजला. 'करायलाय'ही मला 'करायला लागला आहे'चाच आकसलेला उच्चार वाटतो. काम सुरू झाले आणि अजून चालू आहे. 'तो बसला आहे' यातही ल् असून माणूस आत्ता बसलेलाच असतो.

आणि 'करतोय' तरी काय आहे? 'करतो आहे'च झिजलेले. 'आहे'चा 'य' झाला तर चालतो आणि 'लागला' आखडला तर अशुद्ध, या भेदाला व्याकरणात कुठलाही आधार नाही. उत्तरपत्रिकेत 'करायलेत'खाली लाल रेघ ओढायचीच असेल, तर शेजारी 'प्रमाणभाषेत असे लिहीत नाहीत' एवढे लिहावे. ते खरे आहे. 'चूक' लिहू नये.