चौकटीवरचे साल

स्वतःच्या जन्मवर्षी घडवलेले जुने रिव्हॉल्व्हर मिळवून संग्रही ठेवण्याचा छंद युरोप-अमेरिकेतील शस्त्रसंग्राहकांत चांगला रुजलेला आहे; त्याचे मूळ शोधू गेल्यास ते सरकारी शस्त्र-कारखान्यांच्या हिशेबी शिस्तीत सापडते. ब्रिटिश सैन्याने 1887 मध्ये स्वीकारलेल्या वेब्लीच्या घराण्यातील 1915 चे ‘मार्क सहा’ किंवा रशियातील तुला येथील नागांत ही लष्करी रिव्हॉल्व्हरे घडवताना त्यांच्या चौकटीवर, म्हणजे नळी, फिरते चाक आणि मूठ ज्यावर बसवतात त्या पोलादी सांगाड्यावर, निर्मितीचे साल ठोकले जाई. खाजगी ग्राहकांसाठी माल काढणाऱ्या कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांवर मात्र सहसा केवळ अनुक्रमांक असतो आणि त्यावरून साल काढण्यासाठी कंपनीच्या जुन्या वह्यांचा आधार घ्यावा लागतो. नळीवर दिसणारी तारीख बहुधा पेटंटची असते, आणि नवखा संग्राहक नेमका तिथेच फसतो.

या कुळातील एका शस्त्राचे नाते अहिल्यानगरजवळच्या भिंगार छावणीत चालत आलेल्या विद्येशी, म्हणजे रणगाडा चालवण्याच्या विद्येशी, जुळते. एन्फील्ड येथील सरकारी कारखान्याने 1932 पासून 0.38 इंच व्यासाचे ‘क्रमांक दोन’ रिव्हॉल्व्हर काढले; सुमारे 1.1 किलो वजनाच्या वेब्लीपुढे पाऊण किलोच्या आसपास भरणारे हे शस्त्र वागवायला सोपे होते. त्याच्या घोड्याला, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या भागाला, अंगठ्याने मागे ओढण्यासाठी शेपटासारखे टोक होते, आणि रणगाड्याच्या अरुंद पोटात चढता-उतरता ते टोक कुठेतरी अडकते अशी रणगाडा दलाची तक्रार असल्याचे सांगितले जाते. 1938 मध्ये ते टोकच छाटून टाकलेली सुधारित आवृत्ती आली, जिचा घोडा केवळ चाप ओढूनच चढतो. त्या तक्रारीत कितपत तथ्य असेल हे ज्याला पाहायचे असेल, त्याने अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात 1994 पासून मांडलेल्या व्हॅलेंटाइन किंवा चर्चिल रणगाड्याजवळ उभे राहून त्याच्या झाकणाचे तोंड निरखावे. चिलखती दलाचे केंद्र व शाळा 1948 पासून याच परिसरात आहे.

घोड्याचे टोक छाटण्याच्या या बदलाने संग्राहकापुढे एक पेच टाकला आहे, कारण दुरुस्तीला आलेली जुनी शस्त्रेही पुढे सर्रास नव्या पद्धतीची करण्यात आली. त्यामुळे चौकटीवर 1935 आणि घोडा मात्र 1938 नंतरचा, अशी जोडणी वारंवार हाती येते. म्हणून जाणकार आधी चौकट, नळी आणि चाक यांवरचे अनुक्रमांक एकमेकांशी ताडून पाहतो. टोक शाबूत असलेले मूळ एन्फील्ड त्यामुळेच दुर्मीळ झाले आहे, आणि सालाच्या हव्यासापोटी भरमसाट पैसे मोजण्यापेक्षा हे ताडणेच खऱ्या संग्राहकाचे लक्षण मानले पाहिजे.

भारतात मात्र हा छंद कायद्याच्या चौकटीतच फिरतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार चालू स्थितीतील रिव्हॉल्व्हर परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही, अशा कालबाह्य वा पुरातन शस्त्राला याच अधिनियमाच्या कलम 45 मध्ये सूट आहे. पेटीत आजोबांचे रिव्हॉल्व्हर सापडलेल्या कुटुंबाने ते घासूनपुसून लख्ख करण्याच्या फंदात पडू नये, कारण अशा घासण्याने साल आणि अनुक्रमांक दोन्ही बुजतात, आणि ओळखखूण नसलेली बंदूक विकणे वा हस्तांतरित करणे हा कायद्याने गुन्हा आहे. सापडलेल्या शस्त्राची माहिती तत्काळ जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी.