तूस
१२. तूस : भाताच्या दाण्यावरचे टरफल. तूस चिमटीत चोळून पाहावे. ते खरखरीत लागते, ती खरखर सिलिकाची. मूळ मजकुरात लेखकाने त्याला ‘टाकाऊ’ म्हटले आहे, ते मला पटत नाही. तूस जाळल्यावर वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, तीही बहुतांश सिलिकाच. मॅग्नेशियमबरोबर तापवून त्यातला ऑक्सिजन काढला की सच्छिद्र नॅनो-सिलिकॉन हाती येते. लिथियम-आयन बॅटरीच्या अ‍ॅनोडमध्ये सहसा ग्रॅफाइट असते; त्याची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास. सिलिकॉनची जवळजवळ दहापट, पण चार्ज होताना ते तिपटीहून जास्त फुगते. मोठा कण त्या ताणाने तडकतो. सुमारे १५० नॅनोमीटरहून बारीक असला तर तगतो. पुण्यात सी-मेट आणि आयसर या संस्थांत बॅटरीच्या अशा पदार्थांवर संशोधन चालते.
—संपादक