खिशातला ट्रान्समीटर आणि जुळवणीची किल्ली

१/८ जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्त होऊन येतो. रेंज पूर्ण दिसते. तरी फोन लागत नाही. रेंज म्हणजे टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो याचे माप. फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. या बिघाडामागे एक इतिहास आहे.

२/८ ब्रिटिश हिंदुस्थानात १९३३ च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याविना जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. हवेत बोलण्याचा अधिकार सत्तेने स्वतःकडे राखला.

३/८ तो अधिकार १९४२ मध्ये मुंबईत झुगारला गेला. २७ ऑगस्टला उषा मेहता व सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. जागा सतत बदलाव्या लागत, आणि ट्रान्समीटर सांभाळायला जाणकार हात लागे. अखेर तंत्रज्ञानेच पोलिसांना माग दिला. १२ नोव्हेंबरला छापा पडला. जुळवणी ज्याच्या हाती, केंद्राचे प्राण त्याच्या हाती.

४/८ जळकोट तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, ती हैदराबादच्या रेडिओवरून. प्रजेच्या वाट्याला ऐकणे होते, बोलणे नव्हते.

५/८ ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल कॉल केला. पुढे प्रत्येक खिशात ट्रान्समीटर आला. जीएसएम ९०० च्या फोनची शक्ती जास्तीत जास्त २ वॅट; बोलण्याचा पट्टा ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ; प्रत्येक वाहिनी २०० किलोहर्ट्झची. वारंवारितेत कोटीत एका भागाहून अधिक चूक चालत नाही.

६/८ इतका काटेकोरपणा कानाने साधत नाही. दोन चिप कधीच तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून कारखान्यात प्रत्येक फोन स्वतंत्रपणे मोजला जातो आणि दुरुस्तीचे आकडे त्याच्याच मेमरीत लिहिले जातात. टॉवर सांगेल तेवढीच शक्ती फोन देतो, ती या आकड्यांच्या भरवशावर.

७/८ शक्तिवर्धक चिप बदलली की जुने आकडे नव्या चिपला लागू पडत नाहीत. शक्ती कमी पडली तर आवाज पोचत नाही; जास्त झाली तर बॅटरी उतरते, फोन तापतो. नवे आकडे लिहायला टॉवरचे सोंग घेणारे महागडे यंत्र आणि उत्पादकाचे सॉफ्टवेअर लागते. टाका घालणारा हात कितीही कुशल असो, ही दोन साधने नसतील तर काम अर्धेच राहते.

८/८ २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. १९३३ मध्ये यंत्रालाच कुलूप होते. आज यंत्र सर्वांच्या हाती आहे. कुलूप जुळवणीला आहे.